सावळ्या चेहऱ्यावरची उजेड-सावली : पेन्सिलने व्यक्तिचित्र काढू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

तासगावच्या माझ्या मामांचे पहिले व्यक्तिचित्र मी काढले, तेव्हा नाक, कान, मिशी आणि डोक्यावरची पांढरी टोपी हे सगळे जागच्या जागी होते. मामीने चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यांचा चेहरा असा पांढराफटक का दिसतोय? बरं नव्हतं का त्या दिवशी?" मामांची प्रकृती ठणठणीत होती. द्राक्षबागेत आयुष्यभर राबून रापलेला त्यांचा चेहरा मी कागदाच्या पांढऱ्यावरच सोडला होता, नाकाशेजारी आणि हनुवटीखाली थोडी राखाडी सावली घासली होती, आणि त्यामुळे चेहरा व टोपी यांचा पांढरेपणा एकच झाला होता. रेषा बरोबर असूनही माणूस हरवला होता.

ही चूक नेमकी कोठे आहे हे उमगायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली. ज्या चित्रफिती पाहून मी शिकत होतो, त्यांतील चेहरे बहुतेक गोऱ्या वर्णाचे होते आणि त्या चेहऱ्यांच्या बाबतीत कागदाचा पांढरा रंग हाच कातडीचा उजळ भाग मानून काम भागत होते. सातारा-सांगलीकडच्या चेहऱ्यांना ते मोजमाप लागू पडत नाही. आपल्या चेहऱ्यांची उजेडातली बाजूसुद्धा कागदापेक्षा दोन-तीन पायऱ्या गडद असते, आणि ती तशी काढण्याचे धैर्य हातात आले की मग बाकीचे शेडिंग आपोआप सोपे होत जाते. या लेखातील सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीकडे नेणाऱ्या आहेत.

चेहऱ्याची प्रमाणबद्ध रेखाकृती कशी काढावी, हे येथे सांगितलेले नाही. शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेसाठी तुम्ही वस्तुचित्राचा सराव केला असेल, तर सुरुवातीला तेवढी तयारी पुरेशी आहे. एका शब्दाचा अर्थ मात्र आधी ठरवून घेऊ. कलाशिक्षक ज्याला 'टोन' किंवा 'व्हॅल्यू' म्हणतात, त्याला मी 'छटा' म्हणणार आहे. छटा म्हणजे एखादा भाग किती उजळ किंवा किती गडद आहे, एवढेच. तो लाल आहे की हिरवा, याच्याशी तिचा संबंध नाही. लाल कुंकू आणि त्याशेजारची गव्हाळ कातडी यांचे रंग वेगळे असले, तरी पेन्सिलीला त्यांच्यातील उजळ-गडदपणाचा फरक तेवढा कळतो.

१. साहित्य जमवणे

पेन्सिली चार पुरेत : एचबी, २बी, ४बी आणि ८बी. पेन्सिलीचे शिसे म्हणजे खरे तर ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे भाजलेले मिश्रण असते. निकोला-जाक कोंते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण जास्त असले की पेन्सिल कठीण व फिकी होते, तिला 'एच' म्हणतात. ग्रॅफाइट जास्त असले की ती मऊ व काळी होते, तिला 'बी' म्हणतात. 'बी'च्या मागचा आकडा जितका मोठा तितकी ती काळी; एचबी या दोहोंच्या मधली. कॅमलिन, अप्सरा, डोम्स यांपैकी कोणत्याही कंपनीच्या ड्रॉइंग पेन्सिली घ्या, पण चारही एकाच कंपनीच्या घ्या, कारण एका कंपनीची ४बी दुसरीच्या ४बीइतकीच काळी असेल याची खात्री नसते. मी तीन कंपन्यांच्या पेन्सिली मिसळून वापरत होतो आणि माझ्या छटा का जुळत नाहीत, याचा शोध भलतीकडेच घेत होतो.

कागदाच्या बाबतीत काटकसर करू नका. शाळेच्या चित्रकला वहीचा पातळ कागद तिसऱ्या थराला सोलवटतो, त्याचे तंतू वर येतात आणि तेथे काळे ठिपके दिसू लागतात. १५० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कार्ट्रिज कागद मागा. त्यावरून बोट फिरवल्यावर अगदी हलका खरखरीतपणा जाणवला पाहिजे. पूर्ण गुळगुळीत कागदावर ग्रॅफाइट धरत नाही, आणि जाड दाण्याच्या हातकागदावर गालाची कातडी फरशीसारखी दिसते.

याशिवाय पुढील वस्तू लागतील :

– साधा पांढरा खोडरबर (ब्लेडने तिरका कापून त्याला धार करावी) आणि कणकेसारखा मळता येणारा खोडरबर. दुकानात 'नीडेबल इरेझर' म्हणून मिळतो.
– ब्लेड आणि बारीक पॉलिशपेपरचा तुकडा.
– कागद लावायला फळी व क्लिपा.
– मान वाकवता येणारा टेबल-लॅम्प, त्यात एकच बल्ब.
– राखाडी पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा, ऑफिसच्या पंचिंग मशीनने दोन भोके पाडलेला.
– दोन मुठी शाडूची माती. गणपतीच्या दिवसांत कुठेही मिळते. एरवी मूर्तिकाराकडे मागितल्यास मिळते.

पेन्सिल शार्पनरने न टोकता ब्लेडने तासा आणि दीड-दोन सेंटिमीटर शिसे उघडे ठेवा, म्हणजे पेन्सिल आडवी धरून शिशाच्या कुशीने रुंद व मऊ छटा लावता येते. टोक मग पॉलिशपेपरवर घासून हवे तसे करता येते.

२. नऊ घरांची पट्टी

कागदाच्या एका पट्टीवर दोन सेंटिमीटरचे नऊ चौकोन आखा. पहिले घर कोरे कागद. नववे घर ८बीने जितके काळे करता येईल तितके काळे. त्यानंतर मधले, म्हणजे पाचवे घर भरा. ते पहिल्यापासून आणि नवव्यापासून सारखेच लांब वाटले पाहिजे. मग तिसरे आणि सातवे, आणि शेवटी उरलेली चार. एकापासून नऊपर्यंत ओळीने भरत गेलात, तर चौथ्या घरापर्यंतच गडद होऊन जाते किंवा आठव्या घरापर्यंत राखाडीच राहते, म्हणून हा मधून सुरू होणारा क्रम पाळावा.

बहुतेक नवशिक्यांची पहिली पट्टी सहाव्या घराच्या गडदपणावरच थांबते. गडद करायची भीती ही या कामातील सर्वांत मोठी अडचण आहे आणि ती पट्टीवरच मोडावी, चित्रावर नव्हे. मात्र गडद करणे म्हणजे दाबून घासणे असे समजू नका. एचबी दाबून काळी करायचा प्रयत्न केला, तर कागदाचे दाणे चेपले जातात, ग्रॅफाइट आरशासारखे चमकू लागते आणि त्यावर पुढचा थर बसत नाही. गडद छटा मऊ पेन्सिलीने आणि एकावर एक थर देऊन मिळवायची असते.

अशा पाच पट्ट्या करा. त्यांतील सर्वांत समतोल पट्टी कापून ठेवा आणि प्रत्येक चित्राच्या वेळी ती फळीला लावा. पुढे मी 'चौथे घर', 'सातवे घर' असे म्हणेन, तेव्हा ते या पट्टीतले समजावे.

३. हात बसवणे

पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरू नका. ती तळहाताखाली आडवी धरा आणि मनगट न हलवता खांद्यापासून हात फिरवा. एकाच दिशेच्या, एकमेकींना लागून असलेल्या हलक्या रेघांचा एक थर द्या. त्यावर किंचित तिरक्या दिशेने दुसरा, मग तिसरा. हाताखाली कोरा कागद ठेवा, कारण तळहाताचे तेल कागदाला लागले की त्या जागी ग्रॅफाइट डागासारखे बसते. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी डावीकडून वरून खाली यावे.

बोटाने घासण्याविषयी माझे मत ठाम आहे : पहिले सहा महिने बोट कागदाला लावूच नका. एका शिकवणीत आम्हा सर्वांना पहिल्याच दिवशी सावली बोटाने पसरवायला शिकवले गेले, आणि तो काही महिन्यांचा सराव मला पुढे पुसून टाकावा लागला. घासल्याने खोलगट भागातला कागदाचा पांढरा कणही भरून जातो, उजेड मरतो, आणि चेहऱ्यावर धूर बसल्यासारखा मळकटपणा येतो. त्याहून मोठे नुकसान हे की घासणाऱ्या हाताला छटा ठरवावी लागत नाही; ती आपोआप मधोमध कोठेतरी जाऊन बसते. कागदी बोरू (गुंडाळलेल्या कागदाची टोकदार कांडी) किंवा कापूस यांचा उपयोग पुढे पार्श्वभूमीसाठी जरूर करा.

४. शाडूचा गोळा

शाडूचा लिंबापेक्षा मोठा गोळा करून सावलीत वाळवा. वाळल्यावर तो फिकट राखाडी, एकरंगी आणि बिनचमकीचा होतो, त्यामुळे त्यावर रंगाचा घोळ न होता छटा तेवढ्या दिसतात. खोलीतील ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा पडदा ओढा आणि टेबल-लॅम्प गोळ्याच्या डावीकडे, थोडा वर आणि थोडा समोर ठेवा.

आता गोळ्यावर पाच गोष्टी शोधा. उजेडासमोरचा भाग सर्वांत उजळ असतो. गोळा वळू लागतो तसा उजेड तिरका पडतो आणि मधल्या छटा येतात. जेथे दिव्याचा किरण पोहोचणे थांबते, तेथून गोळ्याची अंगची सावली सुरू होते आणि तिच्या सुरुवातीलाच सर्वांत गडद पट्टा असतो. याला सावलीचा गाभा म्हणू. त्या पट्ट्याच्या पलीकडे, गोळ्याच्या कडेजवळ, सावली पुन्हा किंचित उजळते, कारण टेबलावर पडलेला उजेड खालून उडून तेथे लागतो. हा परावर्तित प्रकाश. आणि टेबलावर गोळ्याची जी सावली पडते ती पडछाया. गोळ्याच्या तळाशी ती सर्वांत काळी असते आणि लांब जाताना तिची कड मऊ होते.

येथे सर्वांत जास्त फसवणारा भाग परावर्तित प्रकाशाचा आहे. सभोवती गडद असल्याने तो डोळ्यांना आहे त्यापेक्षा फार उजळ वाटतो आणि नवशिका तो जवळजवळ उजेडाच्या बाजूइतका पांढरा काढतो. शेजारच्या छटेमुळे एखादी छटा वेगळी दिसते, हे कितीही शिकले तरी डोळा फसायचे थांबत नाही. १९९५ मध्ये एडवर्ड एडल्सन यांनी केलेल्या प्रसिद्ध चित्रात बुद्धिबळाच्या पटावरील दोन चौकोन हुबेहूब एकाच राखाडीचे असूनही एक काळा आणि एक पांढरा वाटतो. म्हणून भोके पाडलेला पुठ्ठा वापरा. एका भोकातून परावर्तित प्रकाश आणि दुसऱ्यातून उजेडाकडील मधली छटा दिसेल असा तो डोळ्यासमोर धरा. आजूबाजूचे झाकले गेले की खरे काय ते कळते : सावलीतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच असतो. गोळ्यासारख्या एकरंगी वस्तूवर हा नियम सहसा मोडत नाही.

गोळा किमान दहा वेळा काढा, दर वेळी दिवा हलवून. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड एक चतुर्थांश उरतो, हेही या निमित्ताने डोळ्यांनी पाहून घ्या. पुढे माणूस बसवताना दिव्याचे अंतर ठरवायला त्याचा उपयोग होतो.

५. शाडूचे मुंडके

गोळ्यानंतर लगेच माणसाचा चेहरा घेऊ नका. उरलेल्या शाडूचे नारळाच्या वाटीएवढे मुंडके करा आणि ओले असतानाच सुरीने त्याचे सपाट कापे पाडा. कपाळाचा समोरचा भाग एक कापा, दोन्ही कानशिले दोन, भुवईखालचा आत जाणारा भाग एक, नाकाचा माथा, नाकाच्या दोन बाजू, नाकाचा तळ, गालाच्या हाडाचा समोरचा व बाजूचा भाग, वरच्या ओठाचा खाली वळलेला आणि खालच्या ओठाचा वर वळलेला भाग, हनुवटीखालचा भाग. डोळे, पापण्या, ओठांच्या रेषा यांपैकी काहीही करू नका. ते सुबक दिसण्याची गरज नाही.

हे वाळलेले मुंडके दिव्यासमोर ठेवले की चेहऱ्यावर सावली कोठे आणि का पडते, याचे उत्तर मिळते. प्रत्येक कापा दिव्याकडे किती वळलेला आहे त्यावर त्याची छटा ठरते. वरून उजेड असला की डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा तळ, वरचा ओठ आणि हनुवटीखालचा भाग एकदम गडद होतात. हे सगळे जमिनीकडे वळलेले कापे आहेत. मला चेहरा कळला तो या मातीच्या ओबडधोबड मुंडक्यावरून, आणि म्हणून ही पायरी गाळू नये असे मी आग्रहाने सांगतो.

६. समोर माणूस बसवणे

घरातीलच माणूस निवडा, शक्यतो वयस्कर. वृद्धांच्या चेहऱ्यावरची हाडे स्पष्ट असतात आणि ते शांत बसतात. वीस मिनिटांनी पाच मिनिटांची विश्रांती द्या आणि खुर्चीच्या पायांच्या जागा खडूने आखून ठेवा.

दिवा चेहऱ्यापासून सुमारे चार फुटांवर, डोक्यापेक्षा उंच आणि एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर ठेवा. दिवा बरोबर जागी आला की सावलीकडील गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण दिसतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या व्यक्तिचित्रांत तो वारंवार आढळतो म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले आहे. नवशिक्याला ही मांडणी सोयीची, कारण चेहऱ्याचा मोठा भाग उजेडात आणि स्पष्ट हद्दीचा एक भाग सावलीत येतो. खिडकीजवळ बसवायचे असेल, तर उत्तरेची खिडकी निवडा. पश्चिमेच्या खिडकीतला उजेड दुपारी चारनंतर मिनिटामिनिटाला सरकतो आणि काढलेली सावली खोटी ठरते. दोन बाजूंनी उजेड येत असेल तर एक बाजू चादरीने झाका.

७. चेहऱ्याची छटा कोठून सुरू करायची

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. काम सुरू करण्यापूर्वी डोळे किलकिले करून समोर पाहा, म्हणजे बारकावे विरतात आणि छटांचे मोठे डाग उरतात. त्यांत सर्वांत उजळ काय आणि सर्वांत गडद काय, हे आधी ठरवा आणि चित्रावर त्या दोन जागांवर खूण करा. चेहऱ्यातील प्रत्येक छटा या दोन टोकांच्या मधे बसवायची असते.

आपल्याकडच्या वयस्कर माणसांची पांढरी टोपी, धोतर, पांढरे लुगडे किंवा पांढरा सदरा हे यासाठी वरदान आहे. टोपीचा उजेडातला भाग म्हणजे पट्टीतले पहिले घर, कोरा कागद. ते एकदा ठरले की कपाळ पहिल्या घरात राहूच शकत नाही. मामांच्या दुसऱ्या चित्राच्या वेळी मी पट्टी धरून एकेक जागा मोजली : टोपी उजेडात १, कपाळ उजेडात ४, गालाची मधली छटा ५ ते ६, सावलीतला गाल ७ ते ८, नाकपुडी आणि सदऱ्याच्या गळ्यातली फट ९. सर्वांत आश्चर्य वाटले ते टोपीच्या सावलीकडील भागाचे, कारण तोही चौथ्याच घरात निघाला. म्हणजे सावलीतले पांढरे कापड आणि उजेडातली रापलेली कातडी यांची छटा एकच होती. 'टोपी पांढरी' आणि 'चेहरा सावळा' अशी नावे मनात धरून काढणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तो सावलीतली टोपीही कोरी सोडील.

म्हणून माझी पद्धत अशी आहे : रेखाकृती झाल्यावर टोपी, कपडे आणि पार्श्वभूमी सोडून संपूर्ण चेहरा, मान आणि कान यांवर एचबीने तिसऱ्या घराचा एकसारखा थर द्यावा. डोळ्यांचे पांढरे बुबुळाभोवतीचे भागही त्यातच झाकू द्यावेत. चित्र क्षणभर बिघडल्यासारखे वाटते. तसे वाटू द्यावे. या थरामुळे चेहरा कागदापासून सुटतो आणि त्यापुढचा प्रत्येक निर्णय कातडीच्या खऱ्या छटेवरून घेतला जातो.

सावळ्या कातडीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड यांवर जी चमक दिसते, ती कातडीवरच्या तेलाच्या व घामाच्या थरावरून सरळ उडालेला दिव्याचा उजेड असतो. कातडीच्या रंगाचा त्यात फारसा वाटा नसतो. त्यामुळे गोऱ्या चेहऱ्यावर ती चमक आसपासच्या उजळपणात मिसळून जाते, तर सावळ्या चेहऱ्यावर ती ठळक उठून दिसते. आपल्या चेहऱ्यांची घडण सावलीइतकीच या चमकेतून कळते. शेवटी मळलेल्या खोडरबराचे टोक करून, तिसऱ्या घराच्या थरातून ती अलगद उचलून काढावी. मात्र ती टोपीइतकी पांढरी होऊ देऊ नका. दुसऱ्या घरापर्यंतच थांबा.

फार काळ्या वर्णाचा माणूस असेल, तर पहिला थर पाचव्या घराचा द्या आणि पार्श्वभूमी उजळ ठेवा. आठव्या-नवव्या घरात भेद दाखवायला पेन्सिलीकडे फारशी जागा नसते, म्हणून नववे घर फक्त नाकपुडी, तोंडाची फट आणि केसांतील खोल जागा यांच्यासाठी राखून ठेवावे. मनाला आले म्हणून चेहरा 'जरा उजळ' करू नका. बसणारे पुष्कळदा तसे सुचवतात, त्यांच्याशी प्रेमाने बोला आणि मग जे दिसते तेच काढा.

८. सावलीचा एकच डाग, मग बाकीचे

पहिल्या थरानंतर सावलीची सगळी हद्द एका हलक्या रेषेने आखा : कानशिलापासून डोळ्याच्या खोबणीत, तेथून नाकाच्या बाजूने, गालावरून, हनुवटीखाली आणि मानेवर. ही हद्द बहुधा एकाच सलग आकाराची असते. आतला सगळा भाग २बीने एकाच सपाट छटेचा करा. त्यात डोळा आहे, ओठ आहे, याचा विचार नंतर. दहा फुटांवरून एवढ्यावरच माणूस ओळखू आला पाहिजे. तो ओळखू येत नसेल, तर हद्द चुकली आहे आणि पुढे कितीही बारीक काम केले तरी ती चूक झाकली जाणार नाही.

त्यानंतर उजेड आणि सावली यांच्यामधल्या छटा भरा, मग सावलीचा गाभा ४बीने गडद करा, आणि सर्वांत शेवटी ८बीने अगदी थोड्या जागा. दर पंधरा मिनिटांनी उठून लांबून पाहा. आरशात चित्र उलटे पाहिले तरी चुका चटकन दिसतात.

कडांकडेही लक्ष द्या. नाकाची पडछाया वरच्या ओठावर पडते, तेव्हा तिची कड धारदार असते. गाल वळत जातो तेथे कड विरघळते. आणि सावलीतला जबडा व सावलीतली मान यांच्यामधली कड काही ठिकाणी दिसतच नाही. न दिसणारी कड काढू नका.

९. डोळे, नाक, ओठ, केस

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. तो गोळा आहे, खोबणीत आहे, आणि वरच्या पापणीची पडछाया त्यावर पडलेली असते. उजेडातसुद्धा तो तिसऱ्या-चौथ्या घराचा निघतो. डोळ्यात कोरा कागद फक्त बुबुळावरच्या दिव्याच्या प्रतिबिंबाला द्यावा, आणि तेही टाचणीच्या टोकाएवढे. नाकाला बाजूच्या रेषा काढू नका, नाकाचा तळ आणि पडछाया बरोबर आली की नाक उभे राहते. वरचा ओठ खाली वळलेला म्हणून बहुधा गडद असतो, खालचा उजेड घेतो; त्याच्याखालची सावली ही ओठाची खरी कड असते. दातांमधल्या फटींच्या रेषा काढल्या तर माणूस म्हातारा व भेसूर दिसतो, म्हणून हिरड्यांच्या बाजूचे आकार तेवढे दाखवावेत.

केस आणि मिशी यांचा एकेक केस काढायला बसू नका. आधी केसांच्या झुबक्याची मोठी सावली, मग उजेड पडलेला पट्टा, आणि शेवटी कडेला पाच-सात मोकळे केस. तेल लावून चोपून बसवलेल्या काळ्या केसांवरचा उजेडाचा पट्टा चौथ्या घराइतकाही उजळ असू शकतो.

१०. फोटोवरून काढायचे असल्यास

प्रत्यक्ष माणूस पाहून काढणे केव्हाही चांगले, पण ते नेहमी शक्य नसते. मोबाइलचा कॅमेरा सावल्या आपण होऊन उजळ करतो आणि उजेड दाबतो, म्हणजे नेमक्या आपल्याला हव्या त्या छटा खोट्या होतात. फोटो काढताना एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीतला फरक आपोआप कमी करणारा पर्याय, बंद ठेवा, पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून उजेड तेथे स्थिर करा, आणि फ्लॅश कधीही वापरू नका, कारण समोरून आलेला उजेड चेहऱ्यावरचे सगळे कापे सपाट करून टाकतो. चेहरा गोरा करणारा 'ब्यूटी' पर्यायही बंद आहे ना, ते पाहून घ्या; बऱ्याच फोनमध्ये तो आधीच चालू असतो. नंतर फोटो कृष्णधवल करून, पट्टी शेजारी धरून छटा मोजा. लग्नाच्या अल्बममधला किंवा ओळखपत्रावरचा फोटो सरावाला घेऊ नका.

११. औंधची फेरी

हाताला थोडे वळण लागले की सातारा जिल्ह्यातील औंध येथे एक दिवस काढा. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा आणि चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची मूळ चित्रे तेथे पाहायला मिळतात. छापील प्रतीत सावलीतल्या छटा चिकटून एक होतात. मूळ चित्रासमोर उभे राहून डोळे किलकिले केले की चेहऱ्याची सावलीकडील बाजू किती थोड्या छटांत बांधली आहे, ते कळते. हेन्री मूर यांचे आई व मूल हे शिल्पही तेथे आहे. त्यात बारकावे जवळजवळ नाहीत, नुसते वळणारे पृष्ठभाग आहेत, आणि शाडूच्या मुंडक्यावर शिकलेले सगळे त्याच्यावर ताडून पाहता येते. बसून रेखाटन करायचे असेल तर आधी परवानगी विचारा, आणि निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ व सुट्टीचा वार पक्का करून घ्या.

१२. चित्र जपून ठेवणे

पूर्ण झालेल्या चित्रावरचा खोडरबराचा चुरा मऊ कुंचल्याने झटका, हाताने नव्हे. ग्रॅफाइट कागदावर पक्के धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा, म्हणजे फिक्सेटिव्हचा फवारा गच्चीवर किंवा अंगणात, सुमारे ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ थरांत मारा. त्याने छटा किंचित गडद होऊ शकतात, म्हणून आधी तो पट्टीच्या एखाद्या जादा प्रतीवर मारून पाहा. चौकट करताना काच कागदाला टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची कड, घाला. वाई, पाटण किंवा महाबळेश्वरकडे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात कोरा कागदही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. दमट कागद मऊ पडतो, त्यावर ग्रॅफाइट ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि खोडले की साल निघते.

प्रत्येक चित्रामागे तारीख, दिव्याची बाजू आणि कोणत्या पेन्सिली वापरल्या ते लिहा, आणि बिघडलेली चित्रेही फेकू नका. माझी पहिल्या दोन वर्षांची सगळी चित्रे पलंगाखाली एका गठ्ठ्यात होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा तो गठ्ठा चार दिवस पाण्यात राहिला. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे काही चेहरे नंतरही ओळखू येत होते, पण गाळाने कागद एकमेकांना चिकटले होते आणि सोडवताना फाटले. मामांचे ते पांढराफटक चेहऱ्याचे पहिले चित्र त्यातच गेले. दुसरे चित्र आणि तेव्हाची नऊ घरांची पट्टी मामीकडे तासगावला होती, म्हणून ती वाचली. आता माझे सगळे कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे, सपाट, वरच्या माळ्यावर असतात.